शाळा ही जमाअत नव्हे

काही महिन्यांपूर्वी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाचीचा रात्री उशिरा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती. सलाम आणि खुशाली झाल्यावर ती म्हणाली, ‘‘मामू, एक मसला आहे. तुम्ही इतकी वर्षे शाळेत घालवलीत, म्हणून तुम्हालाच विचारते.’’

तिची मुलगी सहा वर्षांची आहे आणि घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत जाते. तेथे रोज सकाळी सर्व मुले सभागृहात जमतात. कोणाचा वाढदिवस असतो, कोणाला शाबासकी मिळते, बाई एखादी गोष्ट सांगतात, एखादे गाणे होते. शेवटी मुलांना हात जोडून डोळे मिटायला सांगितले जाते. बाई प्रार्थना म्हणतात, ती हजरत ईसा (अलै.) यांच्या नावाने संपते आणि सारी मुले ‘आमेन’ म्हणतात. मुलगी दोन वर्षे हेच करीत आली होती आणि आईवडिलांना त्याचा पत्ताही नव्हता. एके रात्री जेवायला बसताना तिने हात जोडले, डोळे मिटले आणि शाळेतली प्रार्थना म्हटली. वडील अस्वस्थ झाले. उद्याच शाळेला पत्र देऊ आणि तिला यातून काढून घेऊ, असे ते म्हणाले. तेथील कायद्याने तसा हक्क पालकांना आहे. परंतु मुलीच्या वर्गातल्या एका मुलाला त्याच्या पालकांनी असेच काढून घेतले आहे. सभा चालू असताना तो बाहेरच्या बाकावर चित्रे रंगवीत बसतो. पत्राची गोष्ट कानावर पडताच मुलीने आईला विचारले, ‘‘मी काय चूक केली, म्हणून मला बाहेर बसवणार?’’

‘‘मामू, आत ठेवली तर ईमानची काळजी. बाहेर काढली तर तिला शिक्षा झाल्यासारखे वाटते. आम्ही करावे तरी काय?’’

मला तत्काळ उत्तर देता आले नाही. रत्नागिरी आणि रायगडच्या कितीतरी घरांतील लेकीसुना आज ब्रिटनमध्ये संसार करीत आहेत. तेव्हा हा प्रश्न एका भाचीचा नाही. आणि खोलवर पाहिले तर तो केवळ ब्रिटनचाही नाही. पण सुरुवात तेथूनच केली पाहिजे, कारण राज्याने कायदा करून शाळेत उपासना अनिवार्य करावी, अशी स्थिती आज जगातल्या फार थोड्या देशांत उरली आहे.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये, शिक्षणमंत्री आर. ए. बटलर यांनी जो शिक्षण कायदा संमत करून घेतला, त्याने इंग्लंड आणि वेल्समधील सरकारी खर्चाने चालणाऱ्या प्रत्येक शाळेचा दिवस सामूहिक उपासनेने सुरू व्हावा असे ठरविले. तोवर जी प्रथा होती, ती आता आज्ञा झाली. १९८८ च्या कायद्याने वेळेचे बंधन सैल केले, मात्र आशयाचे बंधन घट्ट केले. ज्या शाळा कोणत्याही विशिष्ट पंथाच्या नाहीत, त्यांतील उपासनाही पूर्णतः किंवा मुख्यतः ‘व्यापक अर्थाने ख्रिस्ती स्वरूपाची’ असावी असे त्यात लिहिले गेले. आज लागू असलेल्या १९९८ च्या कायद्यात हीच तरतूद कायम आहे. पालक कोणतेही कारण न सांगता आपले मूल काढून घेऊ शकतात, शिक्षकही भाग घेण्यास नकार देऊ शकतात, आणि शाळेच्या अखेरच्या दोन वर्षांतील मोठ्या विद्यार्थ्यांना २००६ च्या कायद्याने स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार मिळाला आहे. सहा वर्षांच्या मुलीला अर्थातच नाही.

हा कायदा शाळांनी कसा राबवावा यासाठी शिक्षण खात्याने जानेवारी १९९४ मध्ये एक परिपत्रक काढले. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्याची जागा घेणारे नवे मार्गदर्शन निघालेले नाही. मध्यंतरी देश मात्र बदलला. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारे ४६.२ टक्के, कोणताही धर्म नसल्याचे सांगणारे ३७.२ टक्के आणि मुस्लिम ६.५ टक्के आढळले. शाळांच्या तपासणी खात्याचे तत्कालीन प्रमुख डेव्हिड बेल यांनी २००४ मध्येच उघडपणे सांगितले होते की, बहुतांश माध्यमिक शाळा हा कायदा पाळतच नाहीत. म्हणजे कायदा आहे, पाळला जात नाही, आणि जेथे तो पाळला जातो तेथे बहुधा सर्वांत लहान मुलेच त्याच्या कक्षेत येतात. मार्गदर्शन अद्ययावत करावे अशी मागणी तेथे वरचेवर होते, ती याच विसंगतीमुळे.

त्या परिपत्रकातील दोन गोष्टींनी मला विचारात पाडले. पहिली अशी की, उपासना या शब्दाचा अर्थ ईश्वरी शक्तीविषयीचा आदर आणि भक्तिभाव असाच घ्यावा, आणि उपासनेत ‘भाग घेणे’ म्हणजे नुसते हजर राहणे नव्हे, असे ते सांगते. काही मुलांना एखाद्या वेळी या उपासनेशी एकरूप होता येणार नाही, अशी कबुलीही त्यातच आहे. दुसरी अशी की, एका श्रद्धेच्या लोकांची एकत्र उपासना वेगळी आणि नानाविध घरांतून आलेल्या मुलांची सामूहिक उपासना वेगळी, हा भेद ते स्वतःच करते. परिपत्रक लिहिणाऱ्यांना अडचण कळली होती यात शंका नाही. शाळेत जमलेली मुले ही एका श्रद्धेने बांधलेला समुदाय नव्हेत, हे ठाऊक असूनही त्यांच्याकडून भक्तिभावाची अपेक्षा ठेवायची, हा गुंता कायद्यानेच त्यांच्या पदरात टाकला होता आणि परिपत्रकाने तो सुटण्यासारखा नव्हता.

मुस्लिम वाचकाला हा गुंता चटकन उमगावा. आपल्याकडे जमाअत या शब्दाला नेमका अर्थ आहे. इमाम पुढे उभा राहतो, मुक्तदी मागे उभा राहून त्याच्या इक्तिदाची नीयत करतो. ती नीयत नसेल तर तो माणूस सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभा असला, रुकूअ आणि सजदा करीत असला, तरी ती त्याची जमाअतची नमाज होत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कर्मे नीयतवर अवलंबून असल्याचे सांगितले. ही हदीस आपल्या मुलांना मकतबमध्ये सर्वांत आधी शिकविली जाते. जी नीयत माणसाला स्वतःच करावी लागते, जी शेजाऱ्यालाही दिसत नाही, ती सरकार कायदा करून कोणाच्या अंतःकरणात कशी घालणार? कायदा हात जोडायला लावू शकतो, डोळे मिटायला लावू शकतो. इबादत त्याच्या आवाक्यात येत नाही.

बरे, हात जोडण्याने बिघडते तरी काय, मन तर मोकळेच आहे, असे कोणी म्हणेल. मला वाटते, बिघडते ते येथेच. दिव्य कुरआनात दांभिकांचे वर्णन करताना, ते नमाजसाठी आळसाने आणि लोकांनी पाहावे म्हणून उभे राहतात असे म्हटले आहे (४:१४२). सूरह अल्-माऊनमध्ये दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांची निर्भर्त्सना आहे. बाह्य कृती आणि आतले मन यांची फारकत ही ज्या धर्माने मोठ्या रोगांपैकी एक मानली, त्याच्या अनुयायांनी लहान मुलाला त्या रोगाची रोज सकाळी पंधरा मिनिटे सवय लागताना पाहून स्वस्थ बसू नये. मग ती प्रार्थना कोणत्याही धर्माची असो. ‘कोणत्याही’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. त्याकडे पुढे येतो.

येथे ब्रिटनमधील काही मुस्लिम पालकांचे एक म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण ते वरवरचे नाही. ते म्हणतात की, हा कायदा गेला तर शाळेतून अल्लाहचे नावच जाईल. आज निदान मुलांना कळते की जगाला निर्माता आहे, कृतज्ञता व्यक्त करायची असते, भौतिक सुखापलीकडे काही आहे. ख्रिस्ती प्रार्थनेतील पुष्कळसा भाग आपल्यालाही मान्य होण्यासारखा असतो, खटकतात त्या दोन-चार ओळी. शिवाय कायद्यातच एक दरवाजा ठेवलेला आहे. प्रत्येक भागातील धर्मशिक्षणविषयक स्थानिक सल्लागार मंडळाकडे शाळेने अर्ज केला, तर मंडळ त्या शाळेला किंवा तिच्यातील एखाद्या गटाला ख्रिस्ती स्वरूपाच्या अटीतून सूट देऊ शकते. ही सूट पाच वर्षांनी पुन्हा तपासली जाते. अशा सवलतीखाली मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी इस्लामी पद्धतीची उपासनाही ठेवता येते. मग संपूर्ण कायदाच मोडा असे म्हणण्याऐवजी आपला वाटा घेतलेला काय वाईट?

प्रथम वाचले तेव्हा मलाही हे पटले होते. आता पटत नाही. अट सैल झाली तरी आज्ञा तशीच राहते. ज्या शाळेत आठशेपैकी सातशे मुले आपली आहेत, तेथे सातशेंच्या सोयीने उपासना ठरली तर उरलेल्या शंभरांच्या वाट्याला तोच बाहेरचा बाक येतो. आणि त्या सातशेंतील ज्या मुलाच्या मनात त्या सकाळी इबादतची नीयत नाही, त्याच्याकडून इस्लामच्या नावाने तोच दिखावा करून घेतला जातो. धर्माच्या बाबतीत बळजबरी नाही हे तत्त्व (२:२५६) आपण अल्पसंख्य असताना आठवायचे आणि बहुसंख्य होताच सवलतीचा अर्ज करायचा, हे मला त्या तत्त्वाशी प्रामाणिक वाटत नाही. सर्व लोक ईमानवंत व्हावेत म्हणून तुम्ही त्यांच्यावर जबरदस्ती करणार काय, असा प्रश्न तर साक्षात प्रेषितांना (स.) उद्देशून विचारला गेला आहे (१०:९९). प्रेषितांना जो अधिकार दिला गेला नाही, तो शाळेच्या मुख्याध्यापकाला कोठून मिळणार?

आणि अल्लाहचे नाव शाळेतून जाण्याची भीती? ते नाव शाळेच्या सभागृहावरच टिकून असेल, तर घरात आपण काय करीत होतो, असा प्रश्न पडतो.

गेल्या काही वर्षांत ब्रिटनच्या न्यायालयांत आलेली दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. पहिले उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टचे. तेथील शिक्षणाचे कायदे इंग्लंडहून वेगळे आहेत, पण सामूहिक उपासना तेथेही अनिवार्य आहे. कोणताही धर्म न मानणाऱ्या एका कुटुंबातील लहान मुलगी प्राथमिक शाळेत जाऊ लागली आणि घरी जेवणापूर्वी प्रार्थना म्हणू लागली. माझ्या भाचीच्या घरी घडले, नेमके तेच! पालक न्यायालयात गेले. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षण एकांगी असल्याचे मान्य केले, परंतु मूल काढून घेण्याचा हक्क असल्यामुळे अधिकारांचा भंग झाला नाही असे म्हटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. मूल काढून घेण्याच्या हक्काने पालकांवर अवाजवी भार पडतो. त्यांना आपल्या श्रद्धा उघड कराव्या लागण्याची आणि मूल इतरांत वेगळे पडण्याची भीती असते. म्हणून केवळ तो हक्क पुरेसा नाही, असे न्यायालयाने एकमताने ठरविले. धर्म न मानणाऱ्या कुटुंबाने मिळविलेला हा न्याय आपल्या लेकरांच्याही उपयोगी पडणारा आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

दुसरे प्रकरण लंडनच्या मायकेला शाळेचे. तेथील सुमारे निम्मे विद्यार्थी मुस्लिम आहेत. काही मुले मधल्या सुटीत मैदानावर नमाज पढू लागली, तेव्हा शाळेने प्रार्थनाविधींवर बंदी घातली. एका मुस्लिम विद्यार्थिनीने बंदीला आव्हान दिले. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने शाळेची बाजू उचलून धरली. ही शाळा धर्मनिरपेक्ष रीतीने चालते हे ठाऊक असून प्रवेश घेतला होता, आणि चुकलेली नमाज नंतर कजा पढता येते, असा युक्तिवाद त्या निकालात ग्राह्य धरला गेला. मला हा निकाल खेदजनक वाटतो. पण माझ्या वाटण्यापेक्षा या दोन प्रकरणांतून उभे राहणारे चित्र अधिक बोलके आहे. एकाच राज्यात कायदा सभागृहात मनाविरुद्ध प्रार्थना करवून घेऊ शकतो, आणि मैदानात मनापासून होऊ पाहणारी प्रार्थना शाळा थांबवू शकते. दोन्ही ठिकाणी मुलाच्या अंतःकरणाला विचारले गेले नाही. नव्या मार्गदर्शनाकडून आपण काही मागायचे असेल, तर ते हे की, शाळेने प्रार्थना करवून घेऊ नये, आणि ज्या मुलाला स्वतःहून करायची आहे त्याला एक स्वच्छ कोपरा आणि दहा मिनिटे द्यावीत. या दोन मागण्या एकाच तत्त्वातून निघतात. पहिली तेवढी करायची आणि दुसरी विसरायची, हे तेथील अनेक धर्मनिरपेक्षतावाद्यांचे होते, आणि आपले कधीकधी उलटे.

पण कायदा बदलेपर्यंत मुलगी सहा वर्षांचीच असणार नाही. आज काय करायचे?

मी मुफ्ती नाही. फतवा देणे माझे काम नाही आणि या लेखाचा तो हेतूही नाही. परंतु सीरतमध्ये एक प्रसंग आहे, तो मला येथे वाटाड्यासारखा वाटतो. मक्केतील छळाला कंटाळून काही सहाबा हबशाला हिजरत करून गेले. तेथील राजा नजाशी ख्रिस्ती होता. कुरैशच्या दूतांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार केल्यावर दरबारात हजरत जअफर बिन अबी तालिब (रजि.) यांना बोलावणे आले. दरबारात पाद्री होते, धर्मग्रंथ उघडलेले होते. जअफर (रजि.) यांनी तेथे जाण्यास नकार दिला नाही. काही रिवायतींत असे येते की, राजापुढे सजदा करण्याची तेथील रीत त्यांनी पाळली नाही आणि आम्ही अल्लाहखेरीज कोणालाही सजदा करीत नाही, असे शांतपणे सांगितले. मग विचारले गेले तेव्हा सूरह मर्यमच्या आयती ऐकविल्या. त्या ऐकून नजाशीचे डोळे पाणावले. दरबारात हजर राहणे, आदराने वागणे, जे आपले नाही ते न करणे आणि विचारल्यास आपले सांगणे, या चारही गोष्टी त्या एका प्रसंगात आहेत. त्या एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

कुरआनात जेथे बैठकीतून उठून जाण्याची आज्ञा आहे (४:१४०), तेथे कारण दिले आहे. अल्लाहच्या आयतींची चेष्टा चालली असेल तर, आणि तीही दुसरा विषय निघेपर्यंत. इंग्लंडच्या शाळेत बाई चेष्टा करीत नसतात. त्या आपल्या श्रद्धेप्रमाणे प्रार्थना करीत असतात. नजरानहून आलेल्या ख्रिस्ती शिष्टमंडळाने मदीनेत मस्जिदे नबवीत आपली प्रार्थना केली आणि प्रेषितांनी (स.) त्यांना करू दिली, असे सीरतकारांनी नोंदविले आहे. दुसऱ्याची प्रार्थना कानावर पडल्याने ईमान जात नाही. जाण्याचा धोका असतो तो, ही आपली आणि ती त्यांची हा भेद मुलाला कोणी सांगितलाच नाही तर.

म्हणून मी भाचीला आधी हे विचारले की, मुलीला रागावलात का? ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘हे रागावले.’’ मी म्हटले, तिचा काय दोष? बालिग होईपर्यंत मुलाच्या नावे गुनाह लिहिला जात नाही, हे हदीसमध्ये स्पष्ट आहे. तिने जेवणापूर्वी अल्लाहचे आभार मानावेत असे तिला वाटले, ही वाईट गोष्ट आहे काय? घरात बिस्मिल्लाह मोठ्याने म्हटले जात असते, जेवणानंतरची दुआ सर्वांनी मिळून म्हटली जात असती, तर तिच्या ओठांवर शाळेतली प्रार्थना आली असती का? भाची यावर काही बोलली नाही. मीही ताणले नाही.

याच ठिकाणी एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाजची ताकीद करा, अशी प्रेषितांची (स.) आज्ञा आहे. आईबापांची ताकीद चालते, मग शाळेची का नाही? आपणही मुलाच्या नीयतची वाट पाहत नाही. मला सापडलेले उत्तर असे आहे. मूल ही आईबापांकडे अल्लाहने सोपविलेली अमानत आहे आणि त्यांना तिचा जाब द्यायचा आहे. ते स्वतः जे करतात तेच मुलाला शिकवितात, एकाच मुसल्ल्यावर त्याला शेजारी उभे करतात. त्या ताकीदीमागे सात वर्षांची माया असते. शाळेला दिलेली अमानत वेगळी आहे. वाचणे, लिहिणे, हिशेब, सचोटी आणि शेजाऱ्याशी नीट वागणे यांसाठी आपण मूल शाळेच्या हाती देतो. जी अमानत सोपविलीच नाही, तिच्यात शाळेने हात घालू नये. तरीही हे उत्तर मला पुरते समाधान देत नाही, हे कबूल करतो. आपल्यातही कित्येक घरांत ताकीदच असते आणि माया नसते, आणि तेथे तयार होणारी नमाज शाळेतल्या ‘आमेन’पेक्षा फार वेगळी नसते.

आता ‘कोणत्याही’ या शब्दाकडे येतो.

मी ज्या शाळेत बावीस वर्षे शिकविले, ती आपल्याच लोकांच्या संस्थेने चालविलेली, इंग्रजी माध्यमाची, शासनमान्य शाळा होती. गावात दुसरी इंग्रजी शाळा नव्हती, म्हणून गैरमुस्लिम मुलेही येत. रोज परिपाठात राष्ट्रगीत होई, प्रतिज्ञा होई, मग हात वर करून दुआ होई आणि सर्वजण ‘आमीन’ म्हणत. परिपाठ माझ्याकडे होता. सातवीतला एक कोळ्याचा मुलगा दुआच्या वेळी हात खालीच ठेवी. शिस्त म्हणून मी त्याला दोनदा टोकले. तिसऱ्यांदा पुढे बोलावून सर्वांसमोर झापले. त्यानंतर तो हात वर करू लागला. विषय संपला, असे मी समजलो.

पुष्कळ वर्षांनी तो मला एस. टी. स्टँडवर भेटला. वाकून नमस्कार केला, बॅग उचलून घेतली, चहा पाजला. बोलता बोलता शाळेच्या आठवणी निघाल्या. हसत म्हणाला, ‘‘सर, तुमचा राग नव्हता. पण आई सांगायची तिथं हात वर करू नकोस, आणि तुम्ही सांगायचा कर. मी आपला मधल्यामध्ये.’’ त्याच्या बोलण्यात कडवटपणा मुळीच नव्हता. मला चहा गिळवेना.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार, राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. इंग्लंडच्या कायद्याहून हे अगदी उलट आहे. तिकडे मूल आत धरले जाते आणि नको असेल तर पालकाने लिहून द्यायचे. आपल्याकडे संमती आधी लागते. केरळमध्ये यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले गेले. दुसऱ्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले. आदराने उभे राहणे पुरेसे आहे, न गाणे हा अनादर नव्हे, असे त्या निकालाचे सार. राष्ट्रगीत ही काही उपासना नव्हे, आणि तेथेही जर इतकी मोकळीक, तर दुआच्या बाबतीत किती असावी! आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये, शाळेच्या प्रार्थनेत हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाला त्यासाठी भाग पाडता येणार नाही, असा निर्णय दिला.

ही तरतूद आपल्या मुलांना इतरांच्या शाळांत हात जोडायला लावले जाते तेव्हा आपल्याला तोंडपाठ असते. त्यावर सभा होतात, निवेदने दिली जातात, आणि ती दिलीही पाहिजेत. पण बावीस वर्षांत एकाही गैरमुस्लिम पालकाकडून मी ती संमती घेतली नाही, आमच्या संस्थेने घेतली नाही, आणि घ्यायची असते हे कोणाच्या मनातही आले नाही. आमची दुआ चांगली होती, तिच्यात ज्ञान आणि सन्मार्ग मागितला जाई, मग कोणाची हरकत असण्याचे कारण काय, असे आम्हाला वाटे. इंग्लंडच्या त्या बाईंनाही आपल्या प्रार्थनेविषयी हेच वाटत असणार.

भाचीने शेवटी मुलीला सभेतून काढले नाही. तिने मुख्याध्यापिकेला पत्र लिहिले. मसुदा आम्ही दोघांनी फोनवर मिळून केला. त्यात एवढेच मागितले होते की, सभा, गोष्ट, शाबासकी या सर्वांत मुलगी असेल, फक्त प्रार्थनेच्या वेळी तिला हात मांडीवर ठेवून शांत बसू द्यावे आणि ‘आमेन’ म्हणण्याची सक्ती नसावी. कायद्यात अशी मधली वाट लिहिलेली नाही. मुख्याध्यापिकेने भेटायला बोलावले. आता त्या शाळेत प्रार्थनेपूर्वी बाई म्हणतात की, ज्यांना ही प्रार्थना आपली वाटते त्यांनी सोबत म्हणावी, इतरांनी शांत बसून आपल्या मनातले मनात म्हणावे. मुलीने घरी येऊन सांगितले की, ती मनात सूरह फातिहा म्हणते. बाकावर चित्रे रंगविणारा मुलगाही आता आत बसू लागला आहे.

त्याच आठवड्यात मी आमच्या संस्थेच्या सचिवांना एक पत्र दिले. परिपाठातील दुआपूर्वी असेच एक वाक्य म्हटले जावे, आणि प्रवेशाच्या वेळी गैरमुस्लिम पालकांना विचारले जावे, अशी विनंती त्यात आहे. सचिव माझेच विद्यार्थी. पत्र वाचून ते म्हणाले, ‘‘सर, आजवर कोणी तक्रार केली आहे का?’’ मी त्यांना एस. टी. स्टँडवरच्या चहाची हकीकत सांगितली. पत्र पुढच्या बैठकीत ठेवू, असे ते म्हणाले आहेत.